ओटीवरची आई

एका खोट्यामागे अर्धं ग्लुकोज बिस्कीट, हा माझा दर होता. पिल्लू पसंत पडलं आणि गिऱ्हाईक ते घेऊन गेलं, तर अख्खं. शिवाय आठवड्याला एक आंघोळ, बसायला ओटीवर स्वच्छ गोणपाट, आणि सर्वांत मोठी कमाई म्हणजे पळस्प्याच्या नाक्यावर मला कुणी सोडून येणार नाही, ही खात्री. मित्रांनो, मी एक जुनी कुत्री आहे. म्हातारी म्हणायला हवं, पण म्हातारी म्हटलं की माणसं लगेच कळवळतात, आणि तुम्ही माझ्यासाठी कळवळावं असं मी फारसं केलेलं नाही. आधी ऐका, मग ठरवा.

माझं नाव कुरडई. अंगावर पांढऱ्या, कडक वळ्यावळ्यांचे केस, अगदी नुकत्याच तळलेल्या कुरडईसारखे, म्हणून हे नाव. माझी आई पूडल जातीची, बाप ल्हासा. दोघंही बुटके, म्हणून मीही बुटकी. मांजरापेक्षा चार बोटं मोठी. पूडलच्या क्रॉसची मोठी गंमत अशी की त्याचे केस वाढतात, गुंततात, कापावे लागतात, पण सहसा घरभर गळत नाहीत. निदान माझे तरी कधी गळले नाहीत. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं या केसांवर आहे.

माझा जन्म अठ्ठ्याऐंशी साली दादरला शोभाताईंच्या घरी झाला. शोभाताईंनी आम्हा चार भावंडांना नऊ आठवडे आईजवळून हलवलं नाही. कुणी पिल्लू मागायला आलं की त्या त्यालाच आत स्वयंपाकघरात नेत, आमची आई जिथे झोपायची ती जागा दाखवत, आणि मग त्याची परीक्षा घेत. माझा पुढचा मालक सुदामशेठ आला तेव्हाही त्यांनी विचारलं, "घरी दिवसभर कोण असतं? हिला एकटी तर ठेवणार नाही? वर्षाला दोनदा पिल्लं काढून विकायचा विचार तर नाही ना?"

"छे हो ताई," सुदामशेठ म्हणाला. "पोरांना खेळायला पायजे एक."

"जमलं नाही तर परत माझ्याकडे आणायची. दुसऱ्याला द्यायची नाही, रस्त्यावर तर नाहीच नाही."

"तुमच्याच पायाशी आणून सोडतो, ताई."

शोभाताईंनी विश्वास ठेवला. त्या दिवशी सुदामशेठने मला नेलं, आणि माझ्याबरोबर शोभाताईंचे प्रश्नही पाठ करून नेले. चांगली माणसं कुत्रं घेताना आणि देताना काय विचारतात, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. पुढे त्याने सारी मांडामांड केली ती तेवढ्या प्रश्नांपुरती.

त्याचं घर पनवेलजवळ नेऱ्याला. पुढे ओटी, मागे मोठा गोठा. गावाभोवती मुंबईकरांची फार्महाऊस उठत होती आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या बायकांच्या मांडीवर छोटी कुत्री दिसत होती. सुदामशेठने ते बरोबर हेरलं. बैल विकले, गोठा रिकामा केला आणि तिथे एक पूडल नर आणि तीन माद्या बांधल्या. मी चौथी. पण मला दोन वर्षं पिल्लं झाली नाहीत. एका रविवारी सकाळी तो बायकोला, मालूला, म्हणाला, "ही फुकट खाती. उद्या पळस्प्याला टाकून येतो. गोव्याचे ट्रक थांबतात, नेईल कोण तरी."

त्याच संध्याकाळी एक गिऱ्हाईक आलं आणि त्याने विचारलं, "पिल्लांची आई कुठे आहे?"

मी ओटीवर बसले होते. सुदामशेठने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही काय."

माझा पळस्प्याचा प्रवास तिथे रद्द झाला. पिल्लं माझ्यापुढे ठेवली गेली. मी घाबरून त्यांना चाटलं. सुदामशेठने खिशातून बिस्कीट काढून मोडलं, अर्धं मला दिलं. घाबरून मी फक्त त्या एका संध्याकाळी चाटलं. पुढच्या चार वर्षांत मी जे केलं, ते बिस्किटाचा वास ओळखून केलं.

पिल्लांची खरी आई होती भुरी. त्या तीन माद्यांपैकी ती एक, कायम गोठ्यात असायची. तिला शेठ पॉमेरियन म्हणायचा, पण ती पूर्ण तीही नव्हती. तिचे केस लांब, सरळ, आणि हात लावला की मूठभर हातात यायचे. एक वेत सुटलं की दुसरं लागायचं. तिच्या पोटाखालची कातडी लोंबत होती, डोळ्यांत चिपडं होती. तिला ओटीवर आणलं असतं तर गिऱ्हाईक चहासुद्धा न घेता परत गेलं असतं.

गोठ्याचं काम जिजा करायची. ती डोंगराखालच्या वाडीवरची, रोजावर येणारी बाई. शेठच्या सांगण्यावरून ती आदल्या दिवशी माझं गोणपाट नेऊन भुरीच्या पिल्लांखाली घालायची. त्यांना माझ्या वासाची सवय होई. दुसऱ्या दिवशी पिल्लं ओटीवर आणली की आपोआप माझ्या कुशीत सरकत. बघणारा म्हणे, "आईला कशी ओळखतात बघा." जिजा तेव्हा जमिनीकडे बघायची. मी शेठच्या खिशाकडे बघायचे. आम्हा दोघींत एवढाच फरक होता, आणि तो लहान नव्हता.

आता ललिताबाईंची गोष्ट.

त्या पनवेलच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचे यजमान भरतराव पोस्टात होते. मुलगी प्राजक्ता नऊ वर्षांची, हुशार, पण तिला बाळदमा होता. केस, धूळ, कापूस, काहीही निमित्त झालं की छातीत शिट्टी वाजायची. आणि नेमकं तिलाच कुत्रं हवं होतं. चार वर्षं ती वाढदिवसाला एकच वस्तू मागत होती. त्यांच्या एका मावसभावाने ऑस्ट्रेलियाहून पत्र लिहिलं, की तिकडे हल्ली पूडलचा क्रॉस करतात, केस फार गळत नाहीत, दम्याच्या काही माणसांना चालतो. डॉक्टरांनी मान हलवली, "आई-बाप दोन्ही नीट बघून घ्या. पण छाती वाजली, तर त्या दिवशी कुत्रं घराबाहेर." असं ठरलं.

ललिताबाईंनी वहीत अकरा प्रश्न लिहिले. चार ठिकाणी चौकशी केली, दोन ठिकाणची पिल्लं नाकारली. इतकी काळजी घेणारं गिऱ्हाईक आमच्या ओटीवर कधी आलं नव्हतं. पण त्यांच्याकडून एक चूक झाली, सभ्य माणसांची चूक. त्यांनी कळवलं. भरतराव पोस्टातले, त्यांनी पोस्टकार्ड टाकलं: 'रविवारी दुपारी चार वाजता पिल्लू पाहण्यास येत आहोत. आपणांस सोयीचे असेल अशी आशा आहे.'

सोयीचं होतंच. शनिवारी मला आंघोळ मिळाली आणि माझं गोणपाट गोठ्यात गेलं.

त्र्याण्णवची दिवाळीची सुट्टी होती. तिघं स्कूटरवरून आली. सगळा थाट मुलगी बघायला आल्यासारखा. भरतराव ओटीच्या खुर्चीवर पाय जुळवून बसले. मालू पोहे घेऊन आली. ललिताबाईंनी वही उघडली.

"पिल्लू किती दिवसांचं आहे?"

"दोन महिने झाले मॅडम. आईपास्नं आधी तोडत नाय आमी."

"आईला यापूर्वी किती वेळा पिल्लं झाली?"

"ह्ये दुसरं वेत. जास्त बरं नाय तिच्या तब्येतीला."

"आम्हाला जमलं नाही तर?"

"परत आणा. रस्त्यावर नाय, दुसऱ्याला नाय. माझ्याच दारात."

शोभाताईंचं वाक्य मी ओळखलं. कान टवकारले आणि पुन्हा पाडले.

प्राजक्ता माझ्याजवळ येऊन बसली. तिने माझ्या पाठीवरून दोन्ही हात फिरवले, तळवे उघडून पाहिले आणि आईला दाखवले. "आई, बघ. एक पण केस नाही." ललिताबाईंनी स्वतः खात्री केली आणि वहीत लिहिलं, 'आईचे केस गळत नाहीत. प्रत्यक्ष पाहिले.' अकरा प्रश्नांतली एवढी एकच गोष्ट त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, आणि तीही खोटी निघाली.

एक पिल्लू माझ्या पोटाशी धडपडत होतं. पांढरं, एका कानावर तपकिरी ठिपका. दूध शोधत होतं. माझ्याकडे दूध कुठलं? मी उठून बाजूला होऊ शकत होते. मी आडवी झाले आणि त्याला शोधू दिलं, कारण तसं छान दिसतं हे मला ठाऊक होतं.

"हिला दूध येत नाहीये," प्राजक्ता म्हणाली.

जिजाने दाराची चौकट धरली.

"पोरगी हुशार हाय," सुदामशेठ हसला. "पिल्लं खायला लागली का आईचं आटतं, बाय. गायीचं नाय का आटत?"

ललिताबाईंनी पेन्सिल गालाला लावली. "पिल्लांचा बाप आणि बाकीची कुत्री कुठे असतात? आम्ही एकदा बघितली असती."

"मागं गोठ्यात. पर भाताची झोडणी चाललीय, चिखल-शेण हाय. तुमच्या चपला भरतील. मालू, पोहे वाढ आणखी."

"अगं, राहू दे आता," भरतराव हळूच म्हणाले. "लोकांच्या मागल्या दारी काय जायचं? पोहे खाल्लेत त्यांचे."

ललिताबाईंनी वही मिटली. मित्रांनो, त्या वेळी मी नुसती उठून मागच्या दाराकडे चालत गेले असते, तरी पोर माझ्यामागे धावली असती. पंधरा पावलं होती. मी पिल्लाच्या कानावरचा ठिपका चाटत बसले.

प्राजक्ताने विचारलं, "हिच्या आईचं नाव काय?"

"कुरडई."

"मग हिचं शेवई."

त्या पिल्लाला माझ्यावरून नाव मिळालं आणि मला अख्खं बिस्कीट.

पुढचं मी प्राजक्ताच्याच तोंडून ऐकलं, पुष्कळ नंतर. तीन महिने शेवई घरात नांदली. पोरीची छाती वाजली नाही. शेवई तिच्या दप्तरावर झोपायची, शाळा सुटायच्या वेळी जिन्यात बसून राहायची. होळीच्या सुमारास पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठे केस आले. लांब, सरळ. आणि गळू लागले. सतरंजीवर, फ्रॉकवर, उशीवर. प्राजक्ताने ते आईच्या आधी पाहिले. ती रोज गच्चीत जाऊन शेवईला विंचरायची आणि निघालेले केस कंपासपेटीत लपवायची. श्वास लागला की मोरीत जाऊन नळ सोडायची, शिट्टी ऐकू जाऊ नये म्हणून. पण आई गणिताची बाई, एक दिवस तिने कर्कटक हवं म्हणून पेटी उघडली. आत केसांचा गोळा दाबून बसवला होता.

तिनेही लपवलंच की, असं मला सुरुवातीला वाटलं. पण तिने श्वास देऊन लपवलं होतं, मी बिस्किटं घेऊन. या दोन गोष्टी एका रकान्यात मांडता येत नाहीत.

या वेळी पोस्टकार्ड आलं नाही. बुधवारी, भर दुपारी, दारात रिक्षा थांबली. ललिताबाई, प्राजक्ता आणि साखळीला बांधलेली शेवई. प्राजक्ताचे खांदे श्वासाबरोबर वर-खाली होत होते. ओटीवर मी एकटी होते. ललिताबाईंनी पर्समधून कंगवा काढला आणि माझ्या पाठीवरून फिरवला. एकदा, दोनदा, दहादा. कंगवा कोरा.

"मग हिचेच का गळतात?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "माझं घेताना काय चुकलं?"

त्यांना स्वतःचं चुकलं असं वाटत होतं. आणि मी काय केलं असेल? ओटीवर माणसं आली, पिल्लू आलं, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. मी आडवी झाले, शेवईला चाटायला लागले, आणि मान वळवून शेठच्या खुर्चीकडे पाहिलं.

शेवईने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ती नाक वर करून उभी राहिली आणि मागच्या दाराकडे साखळी ओढू लागली. गोठ्यातून भुरीचा आवाज आला. भुंकणं नव्हतं ते, घशातल्या घशात काहीतरी होतं. मी तिच्याबरोबर एकाच दारात सहा वर्षं काढली, पण तिचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात सुदामशेठ शेतावरून आला. "अरे मॅडम. येताय ते कळवायचं ना."

"कळवलं असतं तर पोहे मिळाले असते," ललिताबाई म्हणाल्या. "मागे काय आहे?"

"काय नाय, जनावरं. जिजा, दार लावून घे."

जिजा खराटा धरून गोठ्याच्या दाराशी उभी होती. "लावलेलंच हाय शेट," ती म्हणाली. "चार वरसं लावतेच हाय." आणि तिने कडी काढली.

शेवई आत धावली. मी ओटीच्या कडेवरून पाहत होते. भुरी उठून उभी राहिली तेव्हा तिच्या अंगावरून केसांचा पुंजका खाली पडला. जमीन तशा पुंजक्यांनी पांढरी झाली होती. तिने शेवईचं तोंड हुंगलं, मग कानावरचा तो तपकिरी ठिपका चाटला. मीही तोच ठिपका चाटला होता. बघणाऱ्याला फरक कळला असता का, कोण जाणे. शेवईला कळला.

ललिताबाई खाली बसल्या. त्यांनी जमिनीवरचे केस उचलले, पर्समधून कंपासपेटी काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले. मग पेटी मिटली.

"ही आई," त्या म्हणाल्या.

"ही आई, बाय," जिजा म्हणाली. "ओटीवरची तुमच्यासाठी."

सुदामशेठ जराही ओशाळला नाही. "जमत नसंल तर ठेवून जा, मॅडम. मी बोललोच होतो, परत घेतो. मादी हाय, वाया नाय जायची."

भुरीच्या शेजारी एक खुंटा रिकामा होता. दोरीही तयार होती. प्राजक्ताने तो खुंटा पाहिला, भुरीच्या लोंबत्या पोटाकडे पाहिलं आणि आईचा पदर धरला.

"आई, मला दमा चालेल." बोलताना तिला दोनदा थांबावं लागलं. "औषध जास्त दे. मी कडूचं पण घेईन. पण इथे नको."

ललिताबाई वर्गात कधी अडत नसतील. तिथे त्या अडल्या. एका हाताला पोरीचा श्वास, दुसऱ्या हाताला तो खुंटा. वहीतल्या अकरा प्रश्नांत हा नव्हता.

"मला द्या," जिजा म्हणाली. "वाडीवर माझी झोपडी हाय, चारी बाजूनं वारा. केस गळलं तर डोंगरावर जातील. पोरीनं यावं, भायेर बसावं, भेटावं. मी हिला बांधायची नाय, पिल्लं विकायची नाय."

"आरं वा," सुदामशेठ म्हणाला. "मंग तू बी तिकडंच राहा. उद्यापास्नं येऊ नको."

जिजाने खराटा भिंतीला टेकवला. नीट, पडणार नाही असा. मग प्राजक्तासमोर हात पुढे केला. पोरीने साखळी तिच्या हातात द्यायला किती वेळ घेतला ते मी सांगत नाही. भुरीलाही द्या, असं ललिताबाई दोनदा म्हणाल्या. शेठ नाही म्हणाला. ती पोटुशी होती.

सगळी गेल्यावर सुदामशेठ खुर्चीत बसला. मी सवयीने त्याच्या पायाशी गेले आणि खिसा हुंगला. त्याचंही लक्ष नव्हतं. त्यानेही सवयीने बिस्कीट काढलं, मोडलं, अर्धं टाकलं. मी ते खाल्लं. बाकी सगळ्याला मी पोट, भीती, पळस्प्याचा नाका, अशी कारणं सांगू शकते. त्या अर्ध्या बिस्किटाला माझ्याकडे कारण नाही.

भुरी पुढच्या थंडीत, वेताच्या वेळी गेली. ललिताबाईंनी पनवेलात घरोघर सांगितलं, तशी गिऱ्हाइकं आटली. सुदामशेठने गोठा पाडला, जमीन विकली, घरावर मजला चढवला. ओटी राहिली नाही, म्हणून ओटीवरची आईही नको झाली. एका सकाळी त्याने मला टेम्पोत घातलं आणि पळस्प्याच्या नाक्यावर उतरवलं. ज्या नाक्याच्या भीतीने मी सगळं केलं, तिथेच मी तीन दिवस टायरांचा वास घेत बसले. ट्रक थांबत होते. मला कुणी नेलं नाही.

तिसऱ्या दिवशी जिजाने नेलं. ती तेव्हा कोन गावच्या वीटभट्टीवर डोक्यावरून विटा वाहायची. काही कामाने नाक्यावर आली होती. माझे केस गुंतून त्यांची गोणी झाली होती, तरी तिने ओळखलं.

"ओटीवरची आई ना गं तू?" ती म्हणाली. "चल."

त्याला आता काही वर्षं झाली. मी वाडीवर राहते. शेवई मला जवळ झोपू देते. तिने माझा हिशेब मांडलेला दिसत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्राजक्ता येते, वारा कुठून येतो ते बघून त्या बाजूला बसते आणि दोन तास शेवईला विंचरते. मोठी झाली आहे. आता केस लपवत नाही, वाऱ्यावर सोडते. कधी माझ्याही पाठीवर हात फिरवते आणि सवयीने तळवा उघडून पाहते. तो कोराच असतो. तेव्हा मी दुसरीकडे बघते.

मित्रांनो, तुम्हीही कधी कुत्रं घ्यायला जाल. जरूर जा, प्रश्न लिहून न्या, आईला बघा. पण पोस्टकार्ड टाकू नका. पोहे नंतर खा. आधी मागल्या दारी जा, चपला भरल्या तर भरू देत. चिखलाचं कारण सांगून जो अडवेल, त्याच्याकडून काही घेऊ नका. आणि ओटीवर माझ्यासारखी कुणी नीटनेटकी बसलेली असेल, पिल्लाला चाटत असेल, तर ती कुणाकडे बघत चाटते आहे ते पाहा.

माझी बाकी एवढीच. भुरीने सात वेतं आणि जीव दिला. जिजाने सावलीतलं काम दिलं आणि डोक्यावर विटा घेतल्या. प्राजक्ताने महिन्याचे एकोणतीस दिवस दिले. सुदामशेठने काही दिलं नाही. मीही नाही. संध्याकाळी जिजा भट्टीवरून येते, भाकरीचे दोन तुकडे करते, एक शेवईपुढे टाकते आणि एक माझ्यापुढे. मी तोही खाते.